तळघरातून वरच्या मजल्यावर

प्रिय दोब्रिला,

सगळ्यात आधी, घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, घराला आग लागलेली नाही, आणि मी पळूनही चाललेलो नाही. पळायला धड गुडघे लागतात. मी नेहमीच्या जागीच आहे, तुझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली, तळघरात, वाइनच्या उपड्या पिंपावर कागद ठेवून बसलोय. वर तू भांडी घासते आहेस. आत्ता थांबलीस. शेजारची विंका खिडकीशी आली असणार, कारण तू "काय सांगतेस!" म्हणून ओरडलीस, आणि तशी तू फक्त विंकाच्या बातम्यांना ओरडतेस. म्हणजे माझ्या हाताशी निवांत वेळ आहे.

बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही, हे तुझं गावात सगळ्यांना सांगून झालेलं आहे. लष्करात होतो तेव्हा स्कोप्येहून एक पोस्टकार्ड धाडलं होतं, त्यावर 'ठीक आहे. कुझ्मा' एवढंच होतं. ते वाचून तुझ्या आईने विचारलं होतं, "मुलगा मुका आहे का गं?" मुका नाही, पण बोलणं मला जमत नाही हे खरं. उभा जन्म फेरीबोटीच्या पोटात गाड्या लावून घेण्यात गेला. तिथे इंजिनाच्या घरघरीत कोण बोलतंय? हातानेच खुणा करायच्या: ये, ये, अजून ये, बास. तीच सवय घरी आली. आता तर या औषधाने तोंड असं कोरडं पडतं की दोन वाक्यं सलग बोललो तर जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहितोय. लिहिताना मधेमधे पाणी पिता येतं.

झाग्रेबहून मी दोन्ही वेळा आलो तेव्हा तू विचारलंस, "काय केलं रे तिथे?" मी म्हणालो, "सुई टोचली." तू म्हणालीस, "सुई टोचायला एवढे दिवस? टोचत होते की शिवत होते?" मी "ठीक आहे" म्हणून खाली निघून आलो. तर आज ते सगळं सांगतो.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं आणि पडद्यावर एक माणूस दाखवला. नुसता सांगाडा, आणि त्याच्या कण्यावर, कमरेवर, बरगडीवर काळे ठिपके. कुणीतरी पेन झटकलं असावं तसे. मला वाटलं, बिचारा, कोण आहे हा? तो मी होतो. बाई म्हणाल्या, "प्रोस्टेटमधला कॅन्सर हाडांत उतरलाय हे तुम्हाला ठाऊकच आहे. इंजेक्शनांना तो आता जुमानत नाही, केमोलाही पुरून उरला. हे नवीन औषध आपण रक्तात सोडतो. ते अंगभर फिरतं, पण कॅन्सरची पेशी भेटली की तिलाच जाऊन चिकटतं आणि तिथल्या तिथे किरण सोडतं. आजूबाजूला त्रास कमी." मी म्हटलं, "म्हणजे गाडी बरोबर खुणेच्या जागेवर लावतं." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच." मी म्हटलं, "मग ड्रायव्हर आमच्या बोटीवर येणाऱ्यांपैकी नसणार." बाई खूप हसल्या. आणि हसून झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "काका, खरं सांगते. याने कॅन्सर मुळापासून जात नाही. काहींना चांगला वेळ मिळतो, दुखणं थांबतं. काहींना थोडाच उपयोग होतो. काहींना काहीच नाही." हे वाक्य मी बसमधून, बोटीतून, चढावरून घरापर्यंत आणलं आणि दारात तू दिसल्यावर 'सुई टोचली' म्हणालो.

खोली कशी होती म्हणशील, तर दार असं जाड की तिजोरीचं वाटावं. आत दोन खाटा, आणि मध्ये छातीएवढ्या उंचीची शिशाची भिंत, म्हणजे एकाचे किरण दुसऱ्याला लागू नयेत. भिंतीपलीकडे श्तेफ होता. स्लावोनियाचा. तिकडे सगळं सपाट, त्यामुळे या लोकांचा आवाज मध्ये कशाला न अडता लांबवर जातो. मला त्याचे फक्त पांढरे केस दिसत होते. "कुठले तुम्ही?" "बेटावरचा." "कुठल्या?" "व्हिस." "करता काय?" "काही नाही." "अरे वा!" तो छताकडे बघून म्हणाला, "देवाने मला गप्पा मारायला माणूस दिला!" मग तोच बोलत राहिला. डुकरं पाळतो. प्रत्येक डुकरिणीला नाव आहे. कोणती कशावर रुसते ते सगळं मला आता ठाऊक आहे. तुझ्या चुलतबहिणींपेक्षा जास्त माहिती मला श्तेफच्या डुकरिणींची आहे.

तिथली नर्स ल्येर्का, बारकी, पण आवाजात फौजदार. सुई लावण्याआधीच तिने बजावलं, "काका, आता तुमची लघवी किरणोत्सारी होणार. उभं राहून करायची नाही. बसून. झाकण लावायचं. दोनदा पाणी सोडायचं." श्तेफ म्हणाला, "बाई, जन्मभर मी उभा राहून करतोय, आजवर एक तक्रार नाही." ल्येर्का म्हणाली, "जी घासायची तिला विचारलंत कधी?" श्तेफ गप्प. एवढ्या मुक्कामात तो गप्प झालेला मी दोनदाच पाहिला, त्यातली ही पहिली वेळ.

मग आमच्या दोन्ही गालांना बर्फाच्या पिशव्या लावल्या आणि वरून फडकं गुंडाळून डोक्यावर गाठ मारली. हे औषध लाळेच्या ग्रंथींतही शिरतं, म्हणून तिथलं रक्त थंड ठेवायचं म्हणे. भिंतीवरून मान वर करून आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं ते त्या अवतारात. दाढ दुखणाऱ्या दोन म्हाताऱ्या. श्तेफ म्हणाला, "तुमची बायको तुम्हाला या वेशात बघेल तर लग्न मोडेल." मी म्हटलं, "तिने यापेक्षा वाईट पाहिलंय." दोब्रिला, हे मी परक्या माणसाशी तुझ्याबद्दल बोललेलं पहिलंच वाक्य असेल. औषध अंगात जायच्या आधीच लागू पडतंय असं वाटलं.

सुई लागली तेव्हा काहीही झालं नाही. दुखलं नाही, चमकलं नाही. एवढ्या लांबून आलो, शिशाचं दार, शिशाची भिंत, आणि आत गेलं ते पेलाभर पाण्यासारखं. खरा छळ नंतरचा. पाणी प्या. जग भरून ठेवलेला, तो संपवा, पुन्हा भरतो. आपल्याकडे पाणी कशासाठी असतं? वाइनमध्ये घालायला. इतकं नुसतं पाणी मी शेवटचं कधी प्यायलो आठवत नाही, बहुधा पोहताना. आणि मग बसून, झाकण, दोनदा. पुन्हा बसून, झाकण, दोनदा.

रोज सकाळी एक टक्कल पडलेले गृहस्थ मोजायचं यंत्र घेऊन यायचे, हातभर लांब उभे राहायचे आणि आकडा वाचायचे. आकडा उतरला की घरी. पहिल्या दिवशी श्तेफचा आकडा माझ्यापेक्षा मोठा निघाला. तो खूष! "आमच्याकडचा माल दमदार." पण मोठा आकडा म्हणजे मुक्काम जास्त, हे कळल्यावर त्याने जगामागून जग रिचवायला सुरुवात केली. मीही हट्टाला पेटलो. दोन म्हातारे, शिशाच्या भिंतीच्या दोन बाजूंना, पाणी पिण्याची शर्यत लावून बसलेले. ल्येर्का म्हणाली, "बुडाल तुम्ही दोघे." शेवटी मी जिंकलो. श्तेफ म्हणाला, "बेटावरच्या माणसाच्या अंगात मीठ असतं, यंत्र फसतं."

निघताना ल्येर्काने दोघांना समोर उभं करून नियम सांगितले. एक आठवडा वेगळ्या खोलीत झोपायचं. माणसांपासून दोन मीटर. लहान मुलं आणि पोटुशी बाई यांच्यापासून त्याहून लांब आणि जास्त दिवस. श्तेफने विचारलं, "डुकरांपासून किती?" ल्येर्का म्हणाली, "डुकरांचं काही सांगितलेलं नाही." "मग डुकरं वगळली तर मी लांब राहायचं कुणापासून?" हे तो अगदी हसत म्हणाला. "माझी बायको कातित्सा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा आयर्लंडला. तुमचा नियम आमच्याकडे कधीचाच चालू आहे, ताई." आणि मग तो दुसऱ्यांदा गप्प झाला. ल्येर्का त्याची चादर विनाकारण नीट करत राहिली. मी हाताने खूण केली, पण कसली खूण केली ते मलाही माहीत नाही.

बोटीवर काय झालं ते तुला बेपोने सांगितलं असेल, पण बेपो वाढवून सांगतो, म्हणून खरं ऐक. स्प्लिट बंदराच्या धक्क्यावर मी त्याला लांबूनच ओरडून सांगितलं, "बेपो, मला माणसांपासून दूर ठेव, माझ्यातून किरण निघतात!" रांगेतली सगळी माणसं दोन पावलं मागे गेली. बेपो माझ्याच हाताखाली तयार झालेला, त्याला नियम पाठ. त्याने मला खाली गाड्यांच्या मजल्यावर नेलं आणि गॅसच्या टाक्यांचा ट्रक जिथे उभा करतात तिथे प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. चारी बाजूंनी नारिंगी शंकू. वर ज्वालाग्राही मालाची पाटी. एक जर्मन बाई फोटो काढायला आली, तर बेपो तिच्यावर खेकसला, "बाई, मागे! माल गळका आहे!" सगळा प्रवास मी असा मालासारखा केला. पण एक सांगतो, आयुष्यभर मी त्या बोटीत दुसऱ्यांना जागेवर लावलं, मला कुणीतरी इतकं नीट लावलेलं ते पहिल्यांदाच. उतरताना बेपो लांबून ओरडला, "कुझ्मा, बरा होशील ना रे?" मी हात केला: बास.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. तू तळघरात खाट टाकून ठेवली होतीस. दगडी भिंती हातभर जाड, दोन पिंपं भरलेली, एक अर्धं, कोपऱ्यात खारवलेल्या सार्डिनचा डबा, दोरीवर सुके अंजीर. गावातल्या निम्म्या नवऱ्यांनी येऊन विचारलं की हा आजार मिळतो कुठे. पहिल्याच दिवशी तू अंगणात केरसुणीचा दांडा आडवा टाकून अंतर मोजलंस, तिथल्या बुटक्या भिंतीवर माझी ताटली ठेवलीस, मागे सरलीस आणि खुर्ची घेऊन समोर बसलीस. बेचाळीस वर्षांत आपण असे समोरासमोर बसून जेवलो नव्हतो. एरवी तू चुलीपाशी उभी, मी रेडिओपाशी.

आणि ते दोनदा पाणी सोडणं! उन्हाळा, पावसाच्या पाण्याचं टाकं तळाला गेलेलं, आणि खालून मी दर तासाला. वरून तुझा आवाज: "एक!" मग थोड्या वेळाने: "दोन! झालं, आता आंघोळीला समुद्रावर जा!" सगळी गल्ली मोजायला लागली. एकदा विंका रस्त्यातून ओरडली, "दोब्रिला, आज कुझ्माचं तीनदा झालं का गं?" तिने तर कमालच केली. किरणांनी झाडं वाढतात असं तिने कुठेतरी ऐकलं आणि माझ्या खिडकीत टोमॅटोच्या दोन कुंड्या आणून ठेवल्या. त्यांना पाणी घालायला विसरली. आठवड्यात दोन्ही वाळली. तेव्हापासून ती गावभर सांगत सुटली आहे की झाग्रेबचं औषध फार जालीम आहे.

दुखणं कमी झालं हे मात्र मी तुला सांगायला हवं होतं. दुसऱ्या डोसानंतर एका सकाळी मी खाटेवरून उठलो, पिंपापर्यंत गेलो आणि पेला भरून परत आलो, आणि मग लक्षात आलं की कमरेला हात न लावता गेलो. पुन्हा गेलो, खात्री करायला. मग आणखी एकदा. त्या सकाळी तू म्हणालीस, "सकाळी सकाळी प्यायलास का रे?" मी 'हो' म्हणालो. खरं कारण सांगायला लाज वाटली. बरं वाटल्याचं बोललो तर कुणीतरी ऐकेल आणि ते काढून घेईल, असं काहीसं.

आता अवघड भाग. पाणी पिऊन येतो.

दोन वर्षांपूर्वी ती इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा आपण खूप हसलो, आठवतं? मला घामाचे लोट येऊ लागले, तर तू तुझा जुना पंखा कपाटातून काढून दिलास: "घे, माझं झालं, आता तुझी पाळी." छाती वाढली, तर तू म्हणालीस, "माझी चोळी देऊ का, नवीनच आहे." हवामानाच्या बातम्या लागल्या की मी रडायचो. वादळाच्या नाही, साध्या बातम्यांना. 'उद्या निरभ्र' ऐकून डोळे भरून यायचे, आणि तू रुमाल पुढे करून विचारायचीस, "निरभ्र म्हणून रडतोस की उद्या म्हणून?" सगळ्यावर हसलो आपण. एकाच गोष्टीवर हसलो नाही.

त्या इंजेक्शनांनी माझ्यातलं जे काही विझवलं, ते डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. सांगितलेलं कळतं, पण घरी आल्यावर ते वेगळंच असतं. तू पूर्वीसारखा पाठीवर हात ठेवायचीस, आणि मी झोपेचं सोंग घ्यायचो. घोरायचोसुद्धा. हात मला नको होता असं नाही, दोब्रिला. हात हवा होता. पण हाताच्या पुढे आता माझ्याकडे काही नाही हे तुला सांगावं लागेल, या भीतीने मी भिंतीकडे सरकत गेलो, इतका की कुशीवर वळलो तर नाक दगडाला घासायचं. तू एक शब्द बोलली नाहीस. काही रात्रींनी हात ठेवणंही सोडलंस. मी तेव्हा अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचो आणि मनात म्हणायचो, आता ठेव. मोठ्याने कसा म्हणणार? मी तर घोरत होतो.

म्हणून जेव्हा ल्येर्का म्हणाली, आठवडाभर वेगळ्या खोलीत, तेव्हा श्तेफ गप्प झाला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. कारण मिळालं. शिक्क्याचं, सरकारी, वादातीत. आठवडा संपला तेव्हा तू अंगणातून विचारलंस, "अजून किती दिवस रे?" मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील." डॉक्टरांनी सांगून झालं होतं. वसंतात खाली उतरलो तो दुसरा डोस घेऊन पुन्हा इथेच आलो, आता द्राक्षं भरत आली तरी इथेच आहे. गावात कुणी विचारलं तर तू ठामपणे सांगतेस, "त्याचे किरण अजून गेले नाहीत." मला वाटायचं, किती भोळी आहे माझी बायको.

रविवारी श्तेफचा फोन आला. त्याचं दुसऱ्या डोसानंतरही काही उतरलं नाही, उलट वाढलं. डॉक्टरांनी थांबवायचं ठरवलंय. "तुझ्या भाषेत सांगायचं तर," तो म्हणाला, "गाडी फिरून फिरून परत गेली, जागाच सापडली नाही तिला." आणि हसला. मला हसू येईना. मग त्याने विचारलं, "तू झोपतोस कुठे हल्ली?" मी म्हटलं, "तळघरात." "अजून?" "अजून." मग म्हणाला, "गाढवा." तेवढंच. त्यानंतर तो एका डुकरिणीबद्दल बोलत राहिला, तिला बारा पिल्लं झाली आणि ती एकालाही जवळ घेत नाही. मी ऐकत राहिलो. त्याला तेच हवं होतं.

आणि आज सकाळी ल्येर्काचा फोन आला. तू तेव्हा बाजारात होतीस. आधी बातमी सांगतो: रक्तातला कॅन्सरचा आकडा निम्म्याहून खाली आलाय. हाडांतले ठिपके फिके पडलेत, बरगडीवरचा तर दिसतही नाही. गेलेलं नाही, जाणारही नाही, पण मागे हटलंय. तिसरा डोस द्राक्षं उतरवून झाल्यावर. मी 'ठीक आहे' म्हणालो. ल्येर्का ओरडली, "काका, 'ठीक आहे' काय? नाचा जरा!" मग म्हणाली, "काकूंना नमस्कार सांगा. फार गोड आहेत. मेमध्ये तुम्ही इथून निघालात आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. नक्की किती दिवस वेगळं झोपायचं विचारत होत्या. मी म्हटलं, एकच आठवडा. तर म्हणाल्या, 'बरं. पण मी विचारलं हे त्याला सांगू नका. त्याला यायचं असेल तेव्हा तो येईल.'" आणि मग ल्येर्काच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. "अगं बाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

म्हणजे तू पहिल्या दिवसापासून ओळखून होतीस. सगळा उन्हाळा. ताटली भिंतीवर ठेवून तू मागे सरत होतीस ते नियमासाठी नाही, माझ्यासाठी. गावाला तोंड देत होतीस, विंकाला तोंड देत होतीस, आणि वर एकटी झोपत होतीस. जुलैमध्ये एकदा तू खुर्ची जरा जवळ ओढलीस. मी माझी मागे घेतली. तू उठलीस आणि म्हणालीस, "इथे ऊन येतंय." तिथे ऊन नव्हतं, दोब्रिला. तिथे दुपारी कधीच ऊन येत नाही. हे माझ्या डोक्यात आज सकाळपासून घोळतंय आणि मी पिंपाला पाठ लावून बसून राहिलोय.

तर हे पत्र यासाठी. तू संध्याकाळी प्रार्थनेला जाशील तेव्हा मी वर येऊन ते टेबलावर ठेवीन, आणि परत आल्यावर तू वाचशील. तिसऱ्या डोसाला माझ्याबरोबर झाग्रेबला चल. दारापर्यंतच सोडतील, पण दारापर्यंत तर ये. आणि आज मी वर झोपायला येतोय. आधीच सांगतो, माझ्याकडून काही व्हायचं नाही, कदाचित यापुढे कधीच नाही. घाम येईल, चारदा उठेन, तुझी झोपमोड करीन. पण हात ठेवलास तर या वेळी घोरणार नाही. मी आलो की काही बोलू नकोस, नाहीतर मी रडेन, आणि ते इंजेक्शनामुळे की खरंच, हे आपल्या दोघांनाही कळायचं नाही. भिंतीकडची जागा मला नको. जरा सरकून झोप.

तुझाच,
कुझ्मा